तुम्ही विचारलंत म्हणून: डेडलिफ्टने कंबर जाते का?

मी डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा बार उचलून सरळ उभं राहायचा व्यायाम) करतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अहो, कंबर नाही का जात त्याने?" पूर्वी मी "बरोबर केलं तर काही होत नाही" म्हणून मोकळा व्हायचो. ते अर्धंच उत्तर होतं. माझी कंबर एकदा गेलेली आहे, आणि ती डेडलिफ्ट करतानाच.

वजनही फार नव्हतं, नेहमीचंच. दुसऱ्या सेटच्या (सलग उचलण्याच्या फेरीच्या) चौथ्या रेपला, म्हणजे चौथ्यांदा उचलताना, कमरेत उसण भरली, बार हातातून सुटला आणि मी बाकावर बसलो तो दोघांनी हात दिल्यावरच उठलो. पुढचे तीन आठवडे पायात मोजे चढवणं हे एक वेगळंच काम होऊन बसलं. नशिबाने मित्राने त्या सेटचा व्हिडिओ काढला होता. तो मी इतक्यांदा पाहिलाय की डोळे मिटूनही दिसतो.

मला वाटलं होतं, पाठ गोल झालेली दिसेल. झालीच होती, पण नंतर. आधी बार पुढे सरकला होता, नडगीपासून चांगला चार बोटं. भरलेली बादली अंगालगत धरून बघा आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण दुसऱ्या वेळी कंबर लगेच कुरकुरते. बार अंगापासून जितका लांब, तितका कमरेच्या स्नायूंवरचा ताण जास्त, आणि तो पेलेनासा झाला की पाठ वाकते. म्हणून कुणी "पाठ सरळ ठेव" एवढंच ओरडत असेल तर त्याला म्हणावं, आधी पायाशी बघ.

पायाशी म्हणजे असं. उभं राहिल्यावर बार पावलाच्या बरोबर मधोमध, साधारण बुटाच्या लेसच्या गाठीवर यायला हवा. नडगी आणि बार यांत दोन-तीन सेंटिमीटर. एकदा उभं राहिलात की बार हलवायचा नाही, तुम्ही त्याच्याकडे जायचं. खुबे मागे ढकलत वाका, बार धरा, नडगी बारला टेकेपर्यंत गुडघे पुढे आणा, छाती काढा. काखेत काहीतरी दाबून धरल्यासारखे दंड अंगाशी घट्ट. पोटात श्वास भरून पोट चहूबाजूंनी ताठ करा. (दम कोंडल्याने रक्तदाब काही क्षण चांगलाच चढतो, ज्यांना तो त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.) मग बार हलकेच वर ताणायचा. बार आणि प्लेटच्या (बारला लावलेल्या वजनाच्या चकतीच्या) भोकात थोडी मोकळीक असते, ती संपली की 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय मी जोर लावत नाही. त्यानंतर ओढायचं नाही, पायांनी जमीन रेटायची. वर पोचल्यावर सरळ उभं राहिलात की झालं. मागे झुकणं हा निव्वळ दिखाऊपणा. उतरवताना खुबे आधी मागे, गुडघे नंतर.

नवीन माणसं यात हटकून एक चूक करतात: पाठ उभी राहावी म्हणून स्क्वॉटसारखी (बार खांद्यावर घेऊन काढायच्या उठाबशा) खाली बसतात. लांब मांड्यांच्या माणसाची पाठ बरीच आडवी दिसणारच, त्यात वावगं काही नाही.

दुसरी चूक त्यांची नसते. पूर्ण आकाराच्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर. पण नवशिक्याला हलकं वजन म्हणून छोट्या प्लेटा लावून देतात आणि बार पार घोट्यांजवळ येतो! सगळ्यात कमी लवचीक माणसाला सगळ्यात खालून उचलायला लावायचं. प्लेटांखाली काहीतरी भक्कम ठेवून बार वर आणा. तिथून पाठ न वाकवता जमलं, की हळूहळू खाली या.

बूट? सपाट, कडक तळाचे. धावायचे मऊ बूट नकोत. कमरेला बांधायच्या पट्ट्याबद्दलही विचारतात. पट्टा पाठ धरून ठेवत नाही, पोटाला रेटायला भिंत देतो; पोट ताठ करता येत नसेल तर त्याचा उपयोग नाही. आणि २०१६ साली ब्रिटिश ताकदवीर एडी हॉलने डेडलिफ्टमध्ये ५०० किलो उचलले तो व्हिडिओ मला पाठवू नका. उचलल्यावर तो कोसळला होता. विक्रमाचं गणित वेगळं असतं.

माझ्या व्हिडिओत एक गोष्ट मात्र दिसत नाही, ती म्हणजे आदला दिवस. आदल्या संध्याकाळी मी जड स्क्वॉट केले होते, रात्री झोप अपुरी, आणि सकाळी उठून तासाभरात बारपाशी. मणक्यांमधल्या गाद्या रात्रभरात पाणी शोषून फुगतात (सकाळी आपण सेंटिमीटरभर उंच असतो ते त्यामुळेच) आणि तेव्हा पुढे वाकलं की कणा जास्त ताठरतो. थकलेली कंबर आणि फुगलेल्या गाद्या, दोन्ही घेऊन मी वाकलो होतो.

आता आठवड्यातून एकच जड दिवस. तीन-चार चढते हलके सेट, मग पाच रेपचे एक किंवा दोन खरे सेट, तेही अजून दोन रेप निघतील असं वाटतानाच थांबवलेले. जड स्क्वॉट आणि हा दिवस यांत किमान दोन दिवसांचं अंतर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकं रोमेनियन डेडलिफ्ट, आठ-आठ रेप. रोमानियाचा ऑलिम्पिक विजेता निकू व्लाड ते करायचा, त्यावरून हे नाव. त्यात बार वरूनच सुरू होतो, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना खुब्यातून वाकणं शिकवायला त्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. वजन वाढवायचं ते एका वेळी अडीच किलो. पायात कळ उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील तर यातलं काहीच करायचं नाही, थेट डॉक्टर.

उसण भरल्यावर चौथ्या आठवड्यात मी उंचावर ठेवलेला नुसता २० किलोचा बार उचलला. जुन्या वजनापर्यंत पोचायला चार महिने लागले. त्या दिवशीचाही व्हिडिओ आहे. त्यात बार नडगीला घासत वर जातो. इतका, की दोन्ही नडग्यांवर ओरखडे उठले, आणि तेव्हापासून डेडलिफ्टच्या दिवशी मी गुडघ्यापर्यंतचे मोजे घालतो.