सर्व्हरच्या दारात अडलेले डिप्लॉयमेंट: माझा अनुभव

सर्व्हर कंपनीला द्यायच्या अर्जात ‘सोर्स आयपी’ (जोडणी कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून येणार) असे लिहिलेली एक चौकट होती आणि तिच्यात एकच पत्ता मावत होता. फोंडा तालुक्यातील एका सांस्कृतिक संस्थेच्या संकेतस्थळाचे डिप्लॉयमेंट (बदललेला कोड सर्व्हरवर चढवणे) स्वयंचलित करण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा कोड, डेटाबेस आणि प्लगइन (जोडीचे छोटे प्रोग्राम) यांच्या भानगडी मी गृहीतच धरल्या होत्या. या चौकटीची मात्र कल्पना नव्हती. हे काम करू पाहणाऱ्यांनी तिच्याविषयी आधी वाचावे, म्हणून बाकीचे मी थोडक्यात आटोपतो.

संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीवर आहे आणि मराठी, कोकणी व इंग्रजी अशा तीन भाषांत चालते. पूर्वी प्रत्येक बदल एफटीपीने (फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने) हाताने चढवला जाई. चवथीच्या किंवा नाट्यस्पर्धेच्या दिवसांत, म्हणजे नेमकी वर्दळ असताना, अर्ध्या फाइली नव्या आणि अर्ध्या जुन्या अशी अवस्था झाली की वाचकासमोर कोरे पान येई. त्याऐवजी सगळा कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवावा, मुख्य शाखेत (कोडच्या मुख्य प्रतीत) बदल आला की गिटहब ॲक्शन्सने, म्हणजे गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या स्वयंचलित कामांच्या सोयीने, त्याची तयार आवृत्ती बांधावी, ती एसएसएचवरून (डिजिटल किल्ली, म्हणजे ‘की’, दाखवून उघडणाऱ्या सुरक्षित जोडणीवरून) आरसिंक या फाइली पोचवणाऱ्या प्रोग्रामने सर्व्हरवरील एका नव्या फोल्डरात पोचवावी आणि शेवटी ‘करंट’ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डराकडे बोट दाखवणारी खूण) त्या फोल्डराकडे वळवावी, असे ठरले. ही पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. स्क्रिप्ट लिहून झाली, चाचणीच्या सर्व्हरवर नीट चालली, आणि मग खऱ्या सर्व्हरची पाळी आली.

हा सर्व्हर ज्या कंपनीकडे आहे, तिच्या धोरणानुसार एसएसएचचे 22 क्रमांकाचे पोर्ट (जोडणीचे दार) बाहेरून बंद असते आणि लेखी अर्ज केल्यास ठरावीक पत्त्यापुरते उघडून मिळते. धोरणाविषयी माझी तक्रार नाही, ते शहाणपणाचेच आहे. अडचण अशी, की गिटहबच्या यंत्रांना ठरावीक पत्ता नसतो. प्रत्येक कामासाठी नवे यंत्र उभे राहते आणि काम संपले की नाहीसे होते. त्यांच्या पत्त्यांची यादी गिटहब स्वतः प्रसिद्ध करते, पण ती लांबलचक असते आणि वेळोवेळी बदलते. शिवाय त्याच पत्त्यांवरून जगभरातल्या इतरांचीही कामे चालतात, त्यामुळे ती यादी मान्य करून घेणे म्हणजे कुलूप लावून किल्ली रस्त्यावर टांगण्यासारखेच होते.

तरीही अर्ज करावा लागला, कारण कंपनीच्या मदतकक्षाला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर, कार्यवाहांच्या सहीनिशी आणि गोल शिक्क्यासह स्कॅन करून हवा होता. कार्यवाह जत्रेच्या तयारीत गुंतलेले, शिक्का कोषाध्यक्षांच्या कपाटात आणि कोषाध्यक्ष पणजीला. सही-शिक्क्याचे जुळून आल्यावर मी त्या चौकटीत ‘यादी सोबत जोडली आहे’ असे लिहून अर्ज पाठवला. उत्तर आले की सोर्स आयपी अवैध आहे. मी फोन केला, तेव्हा त्यांनी ऑफिससाठी स्टॅटिक आयपी घेण्याचा सल्ला दिला. सल्ला वाईट नव्हता, पण त्याचा अर्थ असा, की प्रत्येक डिप्लॉयमेंट आमच्या फोंड्याच्या ऑफिसातील एका संगणकावर आणि त्याच्या एका वायरवर अवलंबून राहणार. पावसाळ्यात माडाची झावळ तारेवर पडली तरी येथे वीज आणि इंटरनेट दोन्ही एकदम जातात. ज्या कामातून माणूस वगळायचा, त्यात आमचे ऑफिस घुसवण्यात मला काही अर्थ दिसेना.

त्यानंतरचा पत्रव्यवहार आठवला की अजूनही चिडचिड होते. शेवटी त्यांनी यादीतील काही पत्ते उघडले, असे कळवले. काम सुरू केले तर लॉगमध्ये (कामाच्या नोंदीत) एकच ओळ: ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. पुन्हा मदतकक्षाला फोन.

“सर, आमच्याकडून पोर्ट ओपन आहे. तुमची ‘की’ चुकीची असणार. परत जनरेट करून पाठवा.”

“मॅडम, जोडणी ‘की’ विचारण्यापर्यंत पोचतच नाही.”

“मी हे तिकीट (तक्रारीची नोंद) क्लोज करते, सर. प्रॉब्लेम राहिला तर नवीन काढा.”

नवीन तिकीट म्हणजे नवा अर्ज, आणि नवा अर्ज म्हणजे पुन्हा शिक्का. एसएसएचच्या नेहमी भेटणाऱ्या चुकांचे तीन प्रकार आहेत आणि ते ओळखता येत असतील तर अशा संभाषणात निदान मनःशांती टिकते. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे बहुतेक वेळा वाटेतील फायरवॉलने निरोप गिळून टाकला आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे सामान्यतः यंत्रापर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. ‘परमिशन डिनाइड’ आले तरच किल्लीकडे पाहावे. मी हे मुद्देसूद लिहून पाठवले, लॉगही जोडला. उत्तरात ‘की’ तपासून पाहण्याची विनंती होती.

सुटका झाली ती वर्डप्रेसच्याच डॅशबोर्डमुळे (व्यवस्थापनाच्या पानामुळे). तेथे एका प्लगइनची नवी आवृत्ती उपलब्ध असल्याची सूचना झळकत होती. ही सूचना दिसते याचा अर्थ सर्व्हर स्वतः बाहेर जाऊन चौकशी करतो, म्हणजे सुरक्षित वेब जोडणीचे, आतून बाहेर जाणारे 443 क्रमांकाचे पोर्ट उघडे आहे. मग गिटहबने सर्व्हरपर्यंत येण्याचा हट्ट कशाला? सर्व्हरनेच गिटहबकडे जावे. नियंत्रण पॅनेलमध्ये ब्राउझरवर चालणारे टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) होते आणि क्रॉन (ठरावीक वेळाने काम आपोआप चालवणारी सोय) लावण्याची सोय होती, तेवढे पुरेसे ठरले. आता गिटहब ॲक्शन्स तयार आवृत्ती ‘रिलीज’ नावाच्या शाखेत ठेवते आणि सर्व्हरवरील छोटी स्क्रिप्ट दर 5 मिनिटांनी त्या शाखेत काही नवे आहे का, हे पाहते. असेल तर उतरवून घेते, नव्या फोल्डरात मांडते आणि सिमलिंक वळवते. गिटहबला एसएसएचनेच भेटायचे असेल आणि बाहेर जाणारे 22 बंद असेल, तरी 443 वरून एसएसएच स्वीकारणारा वेगळा पत्ता गिटहबने ठेवला आहे. रिपॉझिटरीसाठी (गिटहबवरील कोडच्या साठ्यासाठी) केवळ वाचण्याचा अधिकार असलेली ‘डिप्लॉय की’ दिली आहे, त्यामुळे उद्या सर्व्हर कोणाच्या हाती लागला तरी तेथून कोडमध्ये ढवळाढवळ करता येणार नाही. आधीचा फेरा संपण्यापूर्वी दुसरा सुरू होऊ नये म्हणून स्क्रिप्टला ‘एफलॉक’ हे कुलूप लावले आहे. पहिला बदल कोणाच्याही सहीशिवाय आपोआप चढला, तेव्हा मला झालेला आनंद कामाच्या मानाने जरा जास्तच होता, पण तो मी लपवणार नाही.

स्वतःचा सर्व्हर असेल आणि रूटचा (पूर्ण नियंत्रणाचा) अधिकार असेल, तर क्रॉनऐवजी गिटहबचा सेल्फ-होस्टेड रनर, म्हणजे गिटहब ॲक्शन्सची कामे आपल्याच यंत्रावर चालवणारा प्रोग्राम बसवावा. तोही आतूनच बाहेर जोडणी करतो, त्याला बाहेरून पोर्ट लागत नाही. मात्र सार्वजनिक रिपॉझिटरीला तो कधीही जोडू नये, कारण कोणीही पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल सुचवणारी विनंती) पाठवून तुमच्या यंत्रावर स्वतःचा कोड चालवू शकेल.

वरच्या नादात एक गोष्ट राहिली, जी खरे तर सगळ्यांत आधी करायला हवी. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसअलाउ फाइल मॉड्स’ हा डॅशबोर्डवरून फाइली बदलणे बंद करणारा स्थिरांक चालू करावा. नाहीतर संस्थेतील कोणीतरी डॅशबोर्डवरून प्लगइन अद्ययावत करतो आणि पुढच्या डिप्लॉयमेंटमध्ये जुनी आवृत्ती परत येते. हा स्थिरांक लावला की वर्डप्रेसची आपोआप होणारी सुरक्षा-अद्यतनेही थांबतात, म्हणून ती वेळेवर गिटमधून चढवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. अपडेटचे बटण कुठे गेले, असा फोन येतोच. उत्तर तयार ठेवावे.

कोड वर जातो आणि मजकूर खाली येतो, ही दिशा उलटू देऊ नये. चाचणीचा डेटाबेस खऱ्या सर्व्हरवर चढवला, तर मधल्या काळात संस्थेने लिहिलेला सगळा मजकूर पुसला जातो. ‘अपलोड्स’ फोल्डर (चढवलेली चित्रे वगैरे) आवृत्त्यांच्या बाहेर सामायिक जागी ठेवून लिंकने जोडावा. खरा डेटाबेस चाचणीसाठी खाली आणताना संकेतस्थळाचा पत्ता बदलावा लागतो, तो टेक्स्ट एडिटरमध्ये शोधून बदलू नये. वर्डप्रेस अनेक सेटिंग्ज पीएचपी या आपल्या प्रोग्रामिंग भाषेच्या सिरियलाइझ्ड (एका ओळीत गुंफलेल्या) रूपात साठवते आणि त्यात प्रत्येक शब्दसमूहाआधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. ‘गोवा’ या शब्दाची लांबी तेथे 12 अशी पडते, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेते. पत्ता बदलला आणि आकडा तसाच राहिला की ते सेटिंग वाचलेच जात नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या टर्मिनलवरून वर्डप्रेस हाताळणाऱ्या साधनाची ‘सर्च-रिप्लेस’ आज्ञा हे आकडे स्वतः जुळवते.

सिमलिंक वळवूनही जुनेच पान दिसत राहिले, तर ओपीकॅशकडे, म्हणजे पीएचपीने तयार करून ठेवलेल्या कोडच्या साठ्याकडे पाहावे. टर्मिनलवरून ते रिकामे केल्यास केवळ टर्मिनलवर चालणाऱ्या पीएचपीचे रिकामे होते. संकेतस्थळ चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमचे नव्हे. रूट नसल्यामुळे आमची स्क्रिप्ट शेवटी एका संरक्षित पानाला एचटीटीपीने हाक मारते आणि ते पान कॅश रिकामे करते. मागील 5 आवृत्त्या आम्ही ठेवतो, म्हणजे नवी बिघडल्यास लिंक मागे वळवता येते. मात्र वर्डप्रेसच्या किंवा प्लगइनच्या अद्यतनाने डेटाबेसची रचना बदलली असेल, तर लिंक मागे नेल्याने ती मागे येत नाही. म्हणून लिंक वळवण्याच्या आधी डेटाबेसची प्रत घेण्याची ओळ स्क्रिप्टमध्ये टाकलेली आहे, आणि ती प्रत फसली तर स्क्रिप्ट तेथेच थांबते.