वाड्यातला अंधार कॅमेऱ्यात येईपर्यंत

सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यातल्या मेढ्याच्या वरच्या अंगाला माझ्या मित्राच्या आजोळचा वाडा आहे. सोपा, माजघर, वर माडी, आणि माजघराच्या एका कोपऱ्यात धान्य साठवायचं जुनं बळद. आमच्या छोट्या भयपटाची सगळी गोष्ट त्या बळदाभोवती फिरते, त्यामुळं दुसरी जागा शोधायचा प्रश्नच नव्हता. पण घराच्या उताऱ्यावर अख्ख्या भावकीची नावं आणि निम्मी भावकी नवी मुंबईत माथाडी कामात. सह्या गोळा करायला वाशीच्या मार्केटात जावं लागलं. घरातले थोरले नाना म्हणाले, ''देवघराचा उंबरा ओलांडायचा न्हाई आन् देवाच्या समईला हात लावायचा न्हाई. बाकी काय बी करा.'' ते आम्ही शेवटपर्यंत पाळलं. ग्रामपंचायतीचं पत्र आणि पोलीस ठाण्यातला अर्ज त्यामानानं लवकर झाला.

खरं काम उजेडाचं होतं. माझं ठाम मत आहे की भयपटात आधी ठरवायचं ते भूत नाही, उजेड कुठून येतो ते. आम्ही नियम केला: पात्राच्या हातात कंदील असेल तर उजेड कंदिलाचाच दिसला पाहिजे, छतावरून आलेला चालणार नाही. पण खऱ्या कंदिलानं काम होत नाही. ज्योत पांढरीफट्ट दिसते आणि दोन हातांवरचा माणूस काळोखात जातो. म्हणून वात काढून आत पिवळा एलईडी बसवला, काचेला आतून काजळी धरली आणि डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, एका पोराच्या हातात दिला. तो बोटानं उजेड हलका थरथरवत ठेवायचा. कंदील बळदाच्या तोंडाशी तिरका धरला की कडा उजळायच्या आणि आत नुसता काळोख उरायचा. बळद जेमतेम कमरेएवढं खोल आहे, पण मॉनिटरवर बघून नानांनी विचारलं, ''एवढं खोल हाय व्हय हे?''

पावसाचंही तसंच. जावळीचा पाऊस कितीही कोसळू दे, समोरून लाइट मारली तर कॅमेऱ्यात तो दिसतच नाही. परड्यात, पावसाच्या मागं लाइट लावली तेव्हा धारा चमकायला लागल्या. त्यात बाहेरच्या गारव्यातून कॅमेरा चुलीजवळ आणला की लेन्सवर धुकं धरायचं, म्हणून शूटच्या आधी तो बराच वेळ सोप्यातच ठेवायचो.

हे सगळं करताना 'तुंबाड' हा भयपट डोक्यात होताच. त्याचे दिग्दर्शक राही बर्वे यांनी पहिला मसुदा १९९७ मध्ये लिहिला, पुढं तब्बल ७०० पानांचा स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक दृश्याची चित्रं, काढला. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, मनासारखं उतरलं नाही म्हणून पुन्हा लिहून पुन्हा शूट केलं आणि सिनेमा थेटरात आला तो १२ ऑक्टोबर २०१८ ला. पावसासाठी त्यांनी पावसाळ्यामागून पावसाळे थांबून काढले. २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यातली भयाण म्हातारी मोहम्मद समद या मुलानंच केली आहे, ज्यानं नायक विनायकच्या मुलाचंही काम केलंय. लहान, काटकुळ्या अंगावर म्हातारीचा मेकअप चढला की नजरेला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, आणि भीती तिथूनच सुरू होते.

त्यावरूनच आमच्या फिल्ममधली आजी गावातल्या एका कबड्डी खेळणाऱ्या पोरानं केली. टिश्यू पेपर आणि लॅटेक्सचे (पातळ रबराचे) थर देऊन सुरकुत्या काढल्या. दमट हवेत लॅटेक्स वाळता वाळत नाही, हेअर ड्रायर लावावा तर लाइट गेलेली. शेवटी गावच्या मंडपवाल्यानं जनरेटर आणून दिला आणि भाडं घेतलं नाही. पोरगं मात्र तासन्‌तास पापणी न हलवता बसायचं. त्याच्या आईनं रोज शूट संपल्यावर खोबरेल लावून तो थर हलक्या हातानं उतरवला, गालाला ओरखडाही येऊ दिला नाही.

आवाज साताऱ्यात, मित्राच्या खोलीत गोधड्या टांगून घेतले. म्हातारी बळदातून वर येते तेव्हा तिची हाडं मोडल्याचा आवाज हवा होता. ताज्या उसाचं कांडं मोडलं तर आवाज ओला, रसरशीत यायचा, तो मांसाचा वाटायचा. चार दिवस वाळलेला ऊस ओल्या फडक्यात गुंडाळून माइकजवळ सावकाश पिळला तेव्हा नेमका आवाज सापडला. फिल्ममध्ये तोच ठेवलाय, त्याच्याखाली संगीत नाही.