सौद्याआधीचा भरडा

बकरी ईद दहा दिवसांवर आलेली. तुळजापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरून सकाळी फोन आला : दोन बोकड उठत नाहीत. गोठ्यात अकरा उस्मानाबादी बोकड होते, सगळे वर्षावरचे, दोन दाती (पुढचे दोन पक्के दात आलेले), शिंगं-कान शाबूत. दिवसभर माळावर चराई, संध्याकाळी शेवरी-सुबाभळीचा पाला, सोबत तुरीचं भुसकट. त्यावरच वाढलेला माल, अंग घट्ट, चरबी बेताची. व्यापारी जिवंत वजनावर किलोचा भाव ठरवून विसार देऊन गेला होता.

भाव किलोवर ठरला की मालकाला वजनाची घाई होते. आदल्या संध्याकाळी मक्याचा बारीक भरडा आणि गहू मिसळून घमेली भरून गव्हाणीत ओतली होती. गव्हाण लहान. अशा वेळी दांडगे बोकड आधी घुसतात, बाकीच्यांना उरलंसुरलं मिळतं. म्हणून आडवे पडलेले दोघे कळपातले सगळ्यात वजनदार होते, अंदाजे 35 किलोच्या पुढचे.

"सायेब, काल रात्रीपर्यंत ठणठणीत होते," मालक म्हणाला. बरोबरच होतं. धान्य जास्त झालं की लक्षणं दिसायला काही तास जातात.

डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, फुगलेली होती, पण गॅसने ताणलेली नव्हती. मुठीने ढोसलं तर आत भरल्या पखालीसारखं पाणी डुचमळत होतं. रवंथ बंद, दात करकरत होते, डोळे खोल गेलेले. लेंड्यांऐवजी पातळ, आंबूस वासाची हगवण. ताप नव्हता, उलट अंग गारच लागलं. तोंडातून नळी घालून कोठी पोटातलं, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातलं, पाणी काढलं. पहिली धार टाकून दिली, तिच्यात लाळ मिसळते आणि आम्ल मोजायचा कागद चुकीचं दाखवतो. नंतरच्या पाण्यात कागद बुडवला तर सामू (pH; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5 च्या आसपास. चाऱ्यावरच्या शेळीत तो 6 ते 7 असतो.

पाला-गवत पचवणारे जिवाणू स्टार्चच्या एवढ्या माऱ्याला सरावलेले नसतात. दुसरेच जिवाणू झपाट्याने वाढतात, लॅक्टिक आम्ल साठतं, चारा पचवणारे मरतात. आम्लामुळे अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. पोट डुचमळतं आणि जनावर मात्र आतून कोरडं पडतं. भरडा जितका बारीक, तितकं हे लवकर होतं.

गव्हाण झाडून रिकामी करायला लावली. खायचा सोडा किलोमागे एक ग्रॅम या हिशोबाने, म्हणजे मोठ्या बोकडाला 35 ग्रॅम, अर्धा लिटर कोमट पाण्यात. हे नळीनेच द्यावं. बाटलीने पाजायची वेळ आली तर मान फार वर करायची नाही, नाहीतर पाणी फुप्फुसात जातं आणि आपल्या हातूनच जनावर जातं. शिरेतून सलाईन, बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. पिण्याचं पाणी थोडं थोडं. गोठ्यातल्या उरलेल्या नऊ जणांनाही कमी मात्रेत सोडा आणि फक्त कोरडं भुसकट.

पोटातले जिवाणू मात्र औषधाने परत येत नाहीत. गावातल्या मटणवाल्याकडे त्याच सकाळी चरणारी शेळी कापलेली होती. तिच्या कोठी पोटातला ऐवज फडक्यातून पिळून, कोमट असतानाच अर्धा-अर्धा लिटर नळीने दिला. मालकाच्या चेहऱ्यावरची किळस लपत नव्हती. पण या दुखण्यात सोडा-सलाईननंतर माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच असतो.

एक दुपारी गेला. दुसरा संध्याकाळी भानावर आला, रात्री थोडी शेवरी हुंगली, मग रवंथ सुरू झालं.

खरा तोटा तिसऱ्या दिवशी कळला. वाचलेला बोकड आणि आणखी तिघे लंगडायला लागले. खूर गरम, टेकवले की उचलत होते. आम्लाचा मार खुराच्या आतल्या नाजूक थरावर असा मागाहून निघतो. लंगडा बोकड कुर्बानीला चालत नाही. व्यापाऱ्याने चौघांनाही बाजूला काढलं. त्यातच पेनिसिलीन दिलेलं, म्हणजे औषधाचा अंश मांसातून जाण्याची लेबलवरची मुदत संपेपर्यंत मटणालाही विकता येत नव्हते.

हिशोब मालकासमोरच मांडला. चांगला खुराक मानवला तरी या जातीचा बोकड दिवसाला फार तर शंभरेक ग्रॅम चढतो. दहा दिवसांत किलोभर. एवढा फरक तर सकाळी उपाशी पोटी आणि संध्याकाळी चरून आल्यावर केलेल्या वजनातही पडतो. त्यापेक्षा वजन कोणत्या वेळी करायचं, हे विसार घेतानाच ठरवलेलं बरं.

खुराक द्यायचाच तर महिनाभर आधी सुरुवात करायची. जाडसर भरडा, डोई 50 ग्रॅमपासून. दर तीन-चार दिवसांनी 50 ग्रॅम वाढवत अडीचशेपर्यंत, तोही दोन वेळा विभागून आणि आधी भुसकट खाल्ल्यावर. गव्हाणीत प्रत्येकाला सवा फूट जागा. लेंडी मऊ पडली की मागच्या मात्रेवर यायचं. आंत्रविषाराची (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस पावसाळ्याआधी टोचलेली असावी, कारण एकदम वाढवलेल्या धान्यावर तोही टपलेला असतो.

लंगडणाऱ्या चौघांचे खूर साळून त्यांना मऊ मातीवर बांधलं, खुराक पूर्ण बंद. मुदत संपल्यावर ते मटणाच्या भावाने गेले.