रील ट्रेनर बघतात, फी क्लायंट देतो

पर्सनल ट्रेनरच्या इन्स्टाग्राम अकाउंटवर हटकून दिसणारा एक व्हिडिओ असतो: १४० किलोचा डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) आणि मागे ढणढण संगीत. खाली शाबासकीचा पाऊस. पण कमेंट करणाऱ्यांची प्रोफाइलं उघडून पाहा, बरेचसे स्वतःच ट्रेनर निघतात, उरलेले आधीपासूनच जिमला जाणारे. पैसे मोजून ट्रेनर लावणारा माणूस सहसा निराळा असतो. त्याचं काम बैठं, जिना चढताना गुडघा कुरकुरतो, आणि जिममध्ये सगळे आपल्याकडेच बघतील ही धास्ती. तो डेडलिफ्ट पाहून त्याला एवढंच कळतं की हे आपलं काम नव्हे.

म्हणून कॅमेरा हातात घेण्याआधी वहीवर हिशेब मांडा. आठवड्याला २५ तास शिकवता येत असेल आणि एक क्लायंट ३ वेळा तासभर येत असेल, तर ८ जणांत वेळापत्रक भरतं. आज ६ जण असतील तर हवेत फक्त २. दोन माणसांसाठी लाखभर व्ह्यूंची गरज नसते. समोरासमोर शिकवणाऱ्याला तर दुसऱ्या शहरातल्या प्रेक्षकाचा काडीचा उपयोग नाही. इन्स्टाग्रामच्या शोधात प्रोफाइलवरचं नाव धरलं जातं, त्यामुळे नावाच्या रकान्यातच काम आणि परिसर लिहा. बायोला, म्हणजे नावाखालच्या छोट्या ओळखीला, जेमतेम १५० अक्षरं मिळतात. ‘फिटनेस हीच माझी जिद्द’ यावर ती उधळू नका. कुणाला शिकवता, कशासाठी, आणि पुढे काय करायचं, एवढंच तिथे हवं.

विषय सुचत नाहीत ही तक्रार फार ऐकू येते. खरं तर रोज सेशनमध्ये विषय कानावर पडत असतात. आठवडाभर क्लायंटचा प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. ‘अँकल मोबिलिटी’ (घोट्याची लवचिकता) असं कुणी विचारत नाही, ‘खाली बसताना माझ्या टाचा का उचलल्या जातात?’ असं विचारतात. शीर्षक तेच.

याच प्रश्नाची ४० सेकंदांची रील अशी बांधता येते. पहिल्या ३ सेकंदांत उचललेली टाच जवळून दाखवा आणि पडद्यावर प्रश्न लिहा. ‘नमस्कार मित्रांनो, मी अमुक’ म्हणेपर्यंत बघणारा पुढे सरकलेला असतो. पुढची १२ सेकंदं चाचणीला: पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. लागत नसेल तर घोटा आखडलेला असण्याची शक्यता. सहज लागत असेल तर पायांतलं अंतर बदलून पाहायचं. मग २० सेकंदं उपायाला: टाचांखाली वजनाची पातळ प्लेट किंवा फळी, थोडे रुंद पाय, आणि खाली जाण्याचा वेग कमी. उरलेल्या ५ सेकंदांत एकच सांगणं, ‘करून बघा आणि काय झालं ते मेसेजमध्ये कळवा’. फॉलो करा, लाईक करा, शेअर करा अशी तीन कामं एकदम सांगितली की एकही होत नाही.

आता चित्रीकरण. फोन उभा, १०८० बाय १९२०, कमरेच्या उंचीवर, अडीच-तीन मीटर लांब. जागा कमी म्हणून ०.५ची वाइड लेन्स लावली की कडेचे हातपाय ताणल्यासारखे दिसतात आणि फॉर्म, म्हणजे व्यायामाची बरोबर ढब, दाखवण्याचा हेतूच फसतो. टाच आणि पाठ बाजूने दिसते, गुडघे आत पडतात ते समोरून. खिडकी पाठीमागे आली तर माणसाची नुसती सावली उरते. सगळ्यात मजेशीर चूक मात्र वेगळीच: रीलच्या खालच्या भागावर कॅप्शन आणि उजव्या कडेवर बटणं येतात, त्यामुळे टाचांबद्दलच्या व्हिडिओत टाचाच झाकल्या जातात. खालचा पाचवा हिस्सा रिकामा सोडा. जिममधल्या गोंगाटात फोनच्या माइकवर विसंबू नका, कॉलरचा छोटा माइक लावा. आवाज बंद ठेवून बघणारेही पुष्कळ, म्हणून बोललेलं अक्षरांतही हवं. जिमच्या स्पीकरवर गाजलेलं गाणं वाजत असेल तर कॉपीराइटमुळे आवाज काढून टाकला जाण्याची शक्यता असते, तेव्हा शूटिंगपुरतं ते बंद करा.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५मध्ये तीन गोष्टी महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: किती वेळ पाहिलं, किती लाईक आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. नव्या लोकांपर्यंत पोचायचं तर पाठवण्याला वजन जास्त. ट्रेनरसाठी याचा अर्थ सरळ आहे. ‘आई, हे बघ’ म्हणत मुलीने पुढे ढकलावा असा व्हिडिओ करा: खुर्चीवरून हात न टेकता उठणं, सामान उचलताना पाठ सांभाळणं.

प्रोफाइलच्या वरच्या टोकाला तीन पोस्ट पिन करता येतात, म्हणजे कायम वर ठेवता येतात. एकीत कुणासोबत काम करता, दुसरीत एका क्लायंटचा प्रवास, आणि तिसरीत पहिल्या सेशनला नेमकं काय होतं ते. ही तिसरी फार थोडे ट्रेनर करतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत कामाची. आत शिरल्यावर कुठे बसायचं, कोणते प्रश्न विचारले जातात, किती हलक्यापासून सुरुवात होते, एवढं दिसलं तरी निम्मी धास्ती ओसरते.

आधी-नंतरच्या फोटोंबाबत जपून. प्रकाश, अंतर आणि पोटातली हवा बदलूनही ‘फरक’ दाखवता येतो, हे लोकांना आता कळतं. पाणी-मिठामुळे वजनही दिवसभरात किलो-दीड किलो हलतं. शिवाय शरीराबद्दल न्यूनगंड जागवणाऱ्या वजन घटवण्याच्या जाहिराती इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाच्या धोरणात बसत नाहीत, म्हणजे अशी पोस्ट पैसे लावून पुढे नेतानाही अडकू शकते. त्यापेक्षा पहिल्या दिवशी न जमलेलं आणि १२ आठवड्यांनी जमलेलं काम दाखवा. परवानगी लेखी घ्या: कुठे टाकणार, किती काळ, आणि नको म्हटल्यावर काढणार.

मेसेज आला की घाईने दरपत्रक पाठवणं ही सर्वांत महागडी चूक. आकडा पाहून माणूस गप्प होतो आणि संवाद संपतो. आधी तीन प्रश्न: काय जमायला हवंय, आठवड्यात किती दिवस निघतील, जुनी दुखापत किंवा औषधं आहेत का. मग १५ मिनिटांचा फोन; फी तिथे सांगा, आडपडदा न ठेवता. हे प्रश्न सेव्ह्ड रिप्लायमध्ये (आधीच लिहून साठवलेल्या उत्तरांत) ठेवा, पण पाठवताना समोरच्याचं वाक्य एकदा तरी उचला, नाहीतर यंत्राशी बोलल्यासारखं वाटतं. मेसेजवरून दुखण्याचं निदान कधीच करू नका. छातीत दुखणं, हातापायाला बधिरपणा असं काही असेल तर आधी डॉक्टर.

रोज एक रील टाकायचा निश्चय बहुधा तिसऱ्या आठवड्यात मोडतो. आठवड्याला दोन पुरेत. एका बैठकीत दीड तासात चार चित्रित होतात, म्हणजे पंधरवड्याची सोय. निदान ८ आठवडे हे चालू द्या, आणि एका साध्या तक्त्यात नोंद ठेवा: तारीख, कोणती पोस्ट, चौकशी, ट्रायल, प्रवेश. येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, ‘काय पाहून मेसेज केलात?’ ६० लाईकवाल्या रीलमधून दोघं आले आणि ६,००० वालीतून कुणीच नाही, तर पुढच्या महिन्यात कोणती पुन्हा करायची ते तक्ताच सांगतो.

वेळापत्रक भरलं की पोस्ट करणं थांबवू नका, आठवड्याला एकीवर या. क्लायंट गावाला जातात, नोकरी बदलतात, सोडतात. बायोमध्ये ‘पुढची जागा अमुक महिन्यात’ असं लिहा आणि विचारणाऱ्यांची नावं क्रमाने टिपून ठेवा.