आधी फटी, मग इन्सुलेशन

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींच्या घराची ऊर्जा तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या सोबतीला मी थांबले होते. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने सुरू झालेल्या 'वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम'मधून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांतली ऊर्जागळती थांबवणाऱ्या सरकारी योजनेतून, ही तपासणी आणि त्यानंतरचे फटी बुजवण्याचे व इन्सुलेशनचे (उष्णता अडवणाऱ्या थराचे) काम विनामूल्य होते. केंद्राचा पैसा राज्याकडे आणि तिथून स्थानिक संस्थेकडे येतो. ज्यांचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीहून अधिक नाही अशी कुटुंबे, घरमालकाची संमती असल्यास भाडेकरूसुद्धा, अर्ज करू शकतात.

तपासनिसांनी मुख्य दारात कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवला. हा पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी होतो आणि जिथे जिथे फट असेल तिथून हवा आत घुसू लागते. गारठा खिडक्यांतून येतो अशी आजींची समजूत होती, माझीही तीच होती. प्रत्यक्षात सर्वांत जोराचा झोत माळ्याच्या झडपेच्या कडेने आणि छतातल्या दिव्यांच्या भोकांतून हाताला लागला. हिवाळ्यात घरातली गरम हवा याच वाटांनी वर निसटते आणि तिची जागा घ्यायला तळघराकडून थंड हवा येते. म्हणून आधी फटी बुजवायच्या आणि मगच माळ्यावर रद्दी कागदापासून केलेले सेल्युलोज पसरायचे, हे तपासनीस पुन्हा पुन्हा सांगत होते, कारण नुसत्या जाड थरातून हवा वाट काढतेच. फटी बुजल्यावर घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर नीट बाहेर जातो ना, कार्बन मोनॉक्साइड साठत नाही ना, हेही पाहावे लागते.

काम मात्र झाले नाही. छप्पर एका कोपऱ्यात गळत होते, आणि ओल्या माळ्यावर घातलेले इन्सुलेशन भिजून निकामी होते, बुरशी धरते; म्हणून छप्पर दुरुस्त झाल्याशिवाय काम करत नाहीत. नियम चुकीचा नाही. पण छप्पर दुरुस्त करणे परवडत नाही म्हणून ज्यांना थंडीचा त्रास सर्वांत जास्त, नेमके तेच माघारी पाठवले जातात, हे मला फार लागले. अशा आधीच्या दुरुस्त्यांसाठी २०२२ पासून वेगळा निधी आहे, पण मूळ योजनेच्या तुलनेत तो फारच तुटपुंजा आहे. घर गरम ठेवण्याच्या बिलासाठी मिळणारी मदत दर हिवाळ्याला संपते, माळ्यावरचा थर मात्र वर्षानुवर्षे टिकतो; मग त्याआधीच्या छपरासाठी एवढा हात आखडता का?

आजींचा दुरुस्तीचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला आहे. तोवर झडपेच्या कडेला मी रबरी पट्टी लावून दिली.