बार्बाडोसला जाऊन उतरावे कोठे

बार्बाडोस हे बेट उत्तर-दक्षिण सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त २३ किलोमीटर रुंद आहे. म्हणजे पुण्याहून निघालेला माणूस लोणावळ्याला पोहोचण्याच्या आतच ते संपून जाईल. एवढ्याशा बेटावर मुक्काम कोठेही केला तरी काय फरक पडणार, असे माझ्या नवऱ्याचे म्हणणे होते आणि न्यू जर्सीत आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून नकाशा पाहताना मलाही ते पटले होते. तरीही सुट्टीचे दहा दिवस एकाच ठिकाणी काढायला मन घेईना, म्हणून आम्ही तीन रात्री पश्चिम किनाऱ्यावर, पाच दक्षिणेला आणि दोन पूर्वेला अशी वाटणी केली. नवरा, मी, सोळा वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेल्या, पूर्ण शाकाहारी असलेल्या बहात्तर वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघे होतो. परत आल्यापासून ओळखीचे लोक आम्हाला हॉटेलांची नावे विचारतात. माझ्या मते नावाचा प्रश्न नंतरचा आहे. आधी किनारा ठरवावा.

याचे कारण वाऱ्यात आहे. हे बेट कॅरिबियन बेटांच्या मुख्य रांगेत नसून तिच्या पूर्वेला, अटलांटिकमध्ये एकटे उभे आहे आणि ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे वर्षातला बहुतेक काळ त्याच्या पूर्व अंगावर आदळत असतात. त्यामुळे पूर्वेचा समुद्र कायम खवळलेला असतो, तर पश्चिमेचा, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला असलेला समुद्र एखाद्या तळ्यासारखा निवांत दिसतो. दक्षिण किनारा या दोहोंच्या मधला आहे. तेथे वारा भरपूर आणि लाटा बेताच्या असतात. एकाच बेटाचे हे तीन समुद्र असल्यामुळे खोलीच्या खिडकीतून काय दिसेल, संध्याकाळी डास किती चावतील आणि पोहता न येणारा माणूस पाण्यात उतरू शकेल की नाही, हे सगळे किनाऱ्यावर ठरते.

पश्चिम किनाऱ्याची कीर्ती मोठी आहे. होलटाउन येथे १६२७ साली इंग्रजांची पहिली वसाहत झाली आणि त्याच सेंट जेम्स परगण्यात १९६१ साली सँडी लेन हे हॉटेल सुरू झाल्यापासून धनिकांची रीघ या बाजूला लागली ती आजतागायत. आमचे हॉटेल त्या पंक्तीतले नव्हते; खाणेपिणे, छत्र्या, खुर्च्या असे सगळे एकाच भाड्यात देणारे मधल्या दर्जाचे होते. या पद्धतीबद्दल माझा अनुभव फारसा चांगला नाही. आरक्षणाच्या वेळी शाकाहाराची सोय होईल असे लेखी आश्वासन मिळाले होते, पण प्रत्यक्षात तीन दिवस सासूबाईंच्या वाट्याला मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), कोशिंबिरी आणि तळलेली केळी एवढेच आले, आणि भाडे मात्र त्यांचेही तेवढेच. शिवाय जेवणाचे पैसे आधीच भरलेले असल्यामुळे बाहेर जाऊन खाणे जिवावर येते. मग माणूस कुंपणाच्या आतच राहतो आणि बेट बाहेर राहते.

असे असले तरी पश्चिमेच्या समुद्राबद्दल तक्रार करण्याचे पाप मी करणार नाही. गुहागरला आजवर जेमतेम घोटाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या सासूबाई येथे पहिल्याच सकाळी कमरेइतक्या पाण्यात गेल्या आणि तासभर बाहेर यायला तयार नव्हत्या. पाणी इतके स्वच्छ होते की त्यांना स्वतःची जोडवी दिसत होती.

या बाजूला खोली घेताना एक गोष्ट मात्र नकाशा मोठा करून पाहावी. किनाऱ्याला लागूनच मुख्य रस्ता धावतो. हॉटेले आणि बंगले समुद्र व रस्ता यांच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने उभे आहेत, आणि स्वस्त वाटणाऱ्या बऱ्याच खोल्या रस्त्याच्या पलीकडे असतात. तेथून वाळूपर्यंत जायचे तर धावत्या मोटारी ओलांडून दोन भिंतींमधली बोळवजा वाट शोधावी लागते. बार्बाडोसचे सगळे किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत, त्यामुळे अडवत कोणी नाही. पण वाट सापडणे हे वेगळे काम आहे. याच बाजूला झाडांच्या बुंध्यांवर लाल पट्टे रंगवलेले दिसतील. ती मँचिनीलची झाडे आहेत. त्यांची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात आणि अत्यंत विषारी असतात. पावसात त्या झाडाखाली आडोशाला उभे राहिले तरी ठिबकणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. लहान मुले बरोबर असतील तर ही गोष्ट त्यांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवावी.

चौथ्या दिवशी आम्ही दक्षिणेला वर्दिंग येथे आलो. स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची जागा, खाली घरमालकीण स्वतः राहणारी आणि समुद्र चार मिनिटांच्या अंतरावर. पश्चिमेच्या एका रात्रीच्या भाड्यात येथे जवळजवळ तीन रात्री निघाल्या. समोर प्रवाळाची रांग असल्यामुळे वर्दिंगचे पाणी दक्षिणेच्या मानाने शांत आहे. जवळच हेस्टिंग्जपासून रॉकलीपर्यंत समुद्राच्या कडेने सुमारे दीड किलोमीटरची लाकडी फळ्यांची फरसबंदी आहे. तेथे पहाटे साडेपाचपासून स्थानिक लोक चालायला येतात आणि अनोळखी माणसालाही ‘गुड मॉर्निंग’ म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून त्याचे उत्तर ‘नमस्कार’ असे द्यायला सुरुवात केली आणि पाचव्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांनी त्यांना पाहून आधीच हात जोडले.

स्वयंपाकघरामुळे सुट्टीचा रंगच बदलला. बाजारात रताळी, भेंडी, भोपळा, कच्ची केळी, चिंच आणि नारळ तर होतेच, शिवाय कोकणात आणि गोव्यात ज्याला नीरफणस म्हणतात ते फळ ढिगांनी रचलेले होते. आम्ही त्याच्या पातळ चकत्या तिखटमीठ लावून तव्यावर भाजल्या, तेव्हा खालून घरमालकीणबाई वास घेत वर आल्या आणि त्यांच्याकडे हेच फळ अख्खे निखाऱ्यावर भाजतात असे सांगून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कू-कू कसे करतात ते दाखवले. मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र शिजवून चपट्या लाकडी दांड्याने न थांबता घोटत राहायचे, गुठळी होऊ द्यायची नाही. उडत्या माशाच्या कालवणाबरोबर ते येथील राष्ट्रीय पक्वान्न आहे. आम्ही सासूबाईंसाठी माशाऐवजी टोमॅटोचे सार केले. उकड घोटण्यात आयुष्य गेलेल्या बाईंनी दांडा हातात घेतल्यावर शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण हे कळेनासे झाले. एक सावधगिरीची सूचना येथेच देते: दुकानांतला बराचसा माल आयात केलेला असल्यामुळे चीज, दही, डबाबंद वस्तू अमेरिकेपेक्षाही महाग पडतात. डाळ-तांदूळ आणि मसाल्याचा डबा मी बरोबर नेला होता, त्याचे सार्थक झाले.

दक्षिणेचा दुसरा मोठा फायदा म्हणजे वाहतूक. सरकारी निळ्या बसगाड्या, खासगी पिवळ्या मिनीबसगाड्या आणि ‘झेड-आर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या व्हॅन दर काही मिनिटांनी मिळतात. आम्ही कोठेही गेलो तरी भाडे एकच होते, साडेतीन बार्बाडोस डॉलर. येथील दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे. त्यामुळे खोली ठरवताना भाडे नेमके कोणत्या डॉलरमध्ये सांगितले आहे, आणि त्यात कर व सेवाशुल्क धरले आहे की नाही, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. आम्ही एका ठिकाणी दुसरा प्रश्न विचारायला विसरलो आणि ते विसरणे महागात पडले.

दक्षिणेत सगळेच गोड नाही. सेंट लॉरेन्स गॅप या गल्लीत रात्री उशिरापर्यंत संगीत चालते. झोप सावध असेल तर तेथे खोली घेऊ नये. ऑइस्टिन्सचा शुक्रवारचा मासळीचा बाजार पाहण्यासारखा आहे, पण त्याच्या अगदी शेजारी राहण्याची गरज नाही. रात्रीच्या आणखी एका आवाजाची माहिती असू द्यावी. पहिल्या रात्री मुलीला वाटले की पंखा कुरकुरत आहे. सकाळी कळले की ते बोटाच्या एका पेराएवढे, शीळ घालणारे बेडूक होते. त्यांच्यावर उपाय नाही आणि दोन रात्रींनंतर तो लागतही नाही.

भाड्यावरून कुरकुर करणारे पाहुणे या बेटाला नवे नाहीत. १७५१ साली एकोणीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या क्षयरोगी सावत्र भावाला घेऊन हवापालटासाठी येथे आला होता. राजधानी ब्रिजटाउनजवळ त्यांनी महिना पंधरा पौंड भाड्याने घर घेतले, आणि दारू व धुण्याचा खर्च त्यात नाही, हे तरुण वॉशिंग्टनने रोजनिशीत टिपून ठेवले. ते घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. ‘म्हणजे यांच्याकडेही कर वेगळेच’, एवढाच शेरा आमच्या घरातून त्यावर उमटला.

शेवटच्या दोन रात्री पूर्वेला बाथशेबा येथे काढल्या. टेकडीवरचे जुने अतिथिगृह, समोर पाण्यातून वर आलेल्या, तळाशी झिजून भूछत्रासारख्या झालेल्या अजस्र शिळा, आणि अखंड घोंघावणारा अटलांटिक. १८८० च्या दशकापासून १९३७ पर्यंत येथे आगगाडी येत असे आणि ब्रिजटाउनचे लोक हवा खायला येत. आता मुख्यतः लाटांवर फळी घेऊन स्वार होणारे तरुण येतात. येथे पोहणे धोक्याचे आहे, दुकाने मोजकी आहेत, संध्याकाळी सहानंतर बस मिळेल या भरवशावर राहू नये. काही महिन्यांत सारगासम नावाचे शेवाळ वाहून येते आणि किनाऱ्यावर कुजते; आम्ही गेलो तेव्हा त्याचा जाड थर होता आणि वास खिडक्या बंद केल्या तरी जाणवत होता. एवढे असूनही मला मनापासून आवडलेली जागा हीच. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळली, आणि तिचेही चुकले असे मी म्हणणार नाही.

वेळेबद्दल थोडे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत दर चढलेले असतात. आम्ही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ वादळांचा. २९ जून २०२४ रोजी केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माच्या संघाने विश्वचषक जिंकला आणि लगेच बेरिल वादळामुळे विमानतळ बंद होऊन सगळा संघ हॉटेलातच अडकला, हे आपल्या लोकांना सांगायला नको. त्या महिन्यांत जायचे असेल तर शेवटच्या क्षणी रद्द करता येईल असेच आरक्षण करावे, थोडे जास्त पैसे पडले तरी.

पुढच्या खेपेची आमची वाटणी ठरली आहे: आठ रात्री वर्दिंगला, एक रात्र बाथशेबाला, आणि पश्चिमेला मुक्काम न करता सकाळच्या बसने ब्रिजटाउनमार्गे होलटाउनला जाऊन, सासूबाईंना कमरेइतक्या पाण्यात मनसोक्त उभे राहू देऊन, सूर्यास्त पाहून परत यायचे. वर्दिंगच्या घरमालकीणबाईंनी पुढच्या वर्षी येताना गोडा मसाला आणायला सांगितले आहे. सासूबाईंनी तो पुण्याहून आधीच पाठवला.