मदरबोर्डवर काटकसर करण्यापूर्वी

नवा संगणक जुळवून घेणारे बहुतेक जण आधी प्रोसेसर ठरवतात, मग रॅम आणि ग्राफिक्स कार्ड, आणि उरलेल्या पैशांत बसेल तो मदरबोर्ड, म्हणजे हे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, घेतात. मला हा क्रम चुकीचा वाटतो. सगळे भाग आपापल्या जागी बसले की बोर्डाचे काम संपले, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात संगणक चालू असेपर्यंत बोर्डाला क्षणाचीही उसंत नसते.

सर्वांत अवघड काम विजेचे. एसएमपीएसकडून, म्हणजे घरातली वीज संगणकाजोगी करणाऱ्या डब्याकडून, १२ व्होल्टचा पुरवठा येतो, पण आजच्या प्रोसेसरला साधारणपणे १ ते १.४ व्होल्टच लागतात. हे रूपांतर प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटशेजारच्या व्हीआरएममध्ये, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या मॉस्फेट, कॉइल आणि कपॅसिटर यांच्या रांगांमध्ये होते. १.२ व्होल्टवर १२० वॅट पुरवायचे तर १०० अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. शिवाय प्रोसेसरची मागणी एका क्षणात कितीही चढली वा उतरली, तरी व्होल्टेज ढळून चालत नाही. म्हणून हा भार अनेक फेजमध्ये, म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या अशा सारख्या गटांमध्ये, वाटलेला असतो. स्वस्त बोर्डावर फेज कमी असतात आणि बऱ्याचदा त्यांवर उष्णता बाहेर टाकणारे धातूचे हीटसिंकही नसते. अशा बोर्डावर महागडा प्रोसेसर बसवून तासभर व्हिडिओ रेंडर केला, तर व्हीआरएम तापतो, प्रोसेसरला वेग उतरवावा लागतो आणि दोष मात्र प्रोसेसरच्या माथी येतो. केवळ टायपिंग आणि हिशेबासाठी संगणक हवा असेल, तर साधा बोर्ड खुशाल घ्यावा.

रॅमच्या स्लॉटपासून सॉकेटपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या बारीक रेषा पाहिल्या, तर काही ठिकाणी त्या मुद्दाम नागमोडी नेलेल्या दिसतात. ३२०० वेगाच्या डीडीआर४ रॅममध्ये माहितीच्या प्रत्येक रेषेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट जातात, आणि एका बिटाच्या वाट्याला आलेल्या वेळात संकेत बोर्डावर जेमतेम पाच सेंटिमीटर पुढे सरकतो. एकत्र निघालेले बिट एकत्रच पोहोचावेत, यासाठी जवळची रेषा वळवून लांबवतात. या आखणीत बोर्ड बनवणाऱ्याचे खरे कसब दिसते, असे माझे मत आहे.

यूएसबी, सॅटा (हार्ड डिस्क जोडण्याची वाट) यांसारखी बरीचशी वाहतूक बोर्डावरची चिपसेट नावाची चिप सांभाळते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवते ती सीआर२०३२ ही बटणसेल.

संगणक पुढे किती वाढवता येईल, हेही बोर्डच ठरवतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे २०१७ मधले अनेक बोर्ड बायोस, म्हणजे बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यावर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर स्वीकारतात. बोर्ड आणि रॅम तीच ठेवून केवळ प्रोसेसर बदलता येतो. म्हणून खरेदीपूर्वी निर्मात्याच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरची यादी, व्हीआरएमवरचे हीटसिंक आणि रॅमच्या स्लॉटची संख्या अवश्य पाहावी, आणि मगच उरलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड कोणते बसते, याचा विचार करावा.